शांत गावातली मास्तरकी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, ते आम्ही कामगार चळवळीवर काही बोलावे अशा अपेक्षेने. आम्ही विषय कळविला, ‘अरबस्तानातील एका गावी भारतीय शिक्षिकेचे जीवन’. तेव्हा चिटणीसांनी भीत भीत विचारले की, विषय चुकून तर आला नाही ना? विषय चुकलेला नाही. कामगारांचाच विषय घेऊन आम्ही उभे आहोत. तो आपल्याला तसा वाटत नाही, एवढेच. तसा तो का वाटत नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. आमचे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपात घर बसले तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. पुढचे शिक्षण दिवसा कारखान्यात, रात्री रात्रशाळेत आणि रविवारी सार्वजनिक वाचनालयात, असे जमेल तसे झाले. ज्याला शाळा पोटभर मिळाली नाही, त्याला मास्तर हा देवासमान वाटतो. तीस वर्षे आम्ही फिटर, हमाल, सफाई कामगार यांच्या युनियनी बांधल्या. पण मास्तर हाही पगारावर जगणारा माणूस आहे, हे आमच्या डोक्यात शिरावयास 2018 साल उजाडावे लागले. ते शिरविले आमच्या भाचीने.

ही भाची गणित शिकविते. इकडे ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होती. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते या सभेत पुष्कळांना ठाऊक असेल: जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, सुटीत काही नाही, आणि तेही मिळतील तेव्हा खरे. अशी चार वर्षे काढून 2012 साली ती ओमानमधील सलाला या गावी एका खाजगी शाळेत नोकरीस गेली आणि सहा वर्षे राहिली. 2018 च्या फेब्रुवारीत आम्ही वीस दिवस तिच्याकडे जाऊन आलो. आज सांगतो आहोत ते त्या वीस दिवसांत पाहिलेले आणि तिच्या तोंडून ऐकलेले आहे.

प्रथम गाव कोठे आहे ते पाहू. ओमानची राजधानी मस्कत. तिथून नैर्ऋत्येस सुमारे हजार किलोमीटर गेले की सलाला येते. मधला रस्ता बहुतेक सपाट खडकाळ वाळवंटाचा. रात्रभर बसमध्ये बसावे, मध्यावर हैमा नावाचे ठिकाण लागते तिथे चहा घ्यावा, आणि पुन्हा अंधारात निघावे. आमची समजूत अशी की, शेवटी वाळूच दिसणार. पहाटे खाली उतरलो तो समोर नारळीच्या बागा, केळीची बने आणि रस्त्याच्या कडेला शहाळी विकणाऱ्यांच्या टपऱ्या! क्षणभर वाटले, बस चुकून आपल्या कोकणात आली.

यात नवल काही नाही. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याकडे पाऊस आणतो, त्याचाच एक पदर सलालाच्या मागच्या डोंगरांना अडकतो. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे धुके आणि झिमझिम पाऊस असतो. त्या ऋतूला ‘खरीफ’ म्हणतात. खरीप हा आपला शब्दही त्याच अरबी शब्दावरून आलेला. सारे आखात उन्हाने भाजून निघत असते तेव्हा त्या डोंगरांवर गवत उगवते, आणि ते पाहावयास अरबस्तानभरची माणसे मोटारी घेऊन येतात. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मात्र पुन्हा वाळवंट. त्या कोरड्या अंगालाच लोबानाची झाडे आहेत. खोडाला चिरा पाडल्या की चीक येतो, तो वाळला की लोबान. या लोबानाच्या व्यापारावर हा मुलूख दोन हजार वर्षांपूर्वी श्रीमंत झाला. जवळच्या खोर रोरी या जुन्या बंदराच्या उत्खननात भारतीय घडणीची एक ब्राँझची लहान नर्तिका सापडली आहे. तेव्हा आपली माणसे तिकडे जाऊ लागली ती काही तेल सापडल्यानंतर नव्हे. नाणेसुद्धा एकेकाळी आपलेच होते: रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया ओमानात 1970 पर्यंत चालत असे. आज रियालाचे हजार भाग होतात, त्यांना ‘बैसा’ म्हणतात. तो आपला पैसाच.

याच 1970 सालापर्यंत साऱ्या ओमानात आधुनिक पद्धतीच्या शाळा होत्या तीन, आणि त्यांत सुमारे 900 मुलगे. मुलींची शाळा नव्हती. सुलतान सैद बिन तैमूर हे स्वतः आपल्या अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले. पण प्रजेच्या शिक्षणाचे त्यांना भय वाटत असावे. आपल्या कारकिर्दीची अखेरची वर्षे ते सलालाच्या राजवाड्यातच राहिले. 23 जुलै 1970 रोजी त्यांचे चिरंजीव काबूस यांनी गादी घेतली आणि शाळा उघडण्याचा सपाटा लावला. शाळा उघडावयाच्या तर मास्तर हवेत, आणि ते देशात नव्हते. म्हणून ईजिप्त, जॉर्डन, सुदान अशा देशांतून मास्तर आणले गेले. पुढे त्या मुलांतूनच मास्तर तयार झाले. आज सरकारी शाळांतील बहुसंख्य शिक्षक ओमानी आहेत. अर्ध्या शतकात एवढे करून दाखविणे ही साधी गोष्ट नव्हे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परदेशी मास्तर आज दिसतो तो मुख्यतः खाजगी शाळांतून, भारतीय मुलांसाठी चालणाऱ्या शाळांतून आणि महाविद्यालयांत इंग्रजी पक्के करून घेणाऱ्या वर्गांतून.

आता भाचीचा दिनक्रम सांगतो. सकाळी साडेसहाला शाळेची बस दाराशी. रविवार ते गुरुवार शाळा, शुक्रवार-शनिवार सुटी. दुपारी दोनला घरी. मग वह्या तपासणे. चार वाजेपर्यंत गावात चिटपाखरू दिसत नाही. दुकाने बंद, रस्ते रिकामे, फक्त वातानुकूलन यंत्रांची घरघर. संध्याकाळी दुकाने उघडतात. समुद्रावर जावे तर पांढऱ्या वाळूचा किनारा मैलोन्‌मैल पसरलेला आणि त्यावर दहा माणसे. एखादे वेळी उंटांचा कळप सावकाश रस्ता ओलांडतो आणि मोटारी मुकाट्याने थांबतात. चोरीचे भय नाही. रात्री नऊ वाजता बाईमाणूस एकटी दुकानात जाऊन येते. लोक मृदुभाषी. वर्गातल्या मुलांच्या आया सणाला खजूर आणि हलवा पाठवितात. आमची भाची म्हणे, “मामा, सहा वर्षांत माझ्याशी कोणी चढ्या आवाजात बोललं नाही.” मुंबईत लोकलने प्रवास केलेल्या माणसाला या वाक्याचे मोल कळेल.

पण त्या शांततेला दुसरीही बाजू आहे. नवरा आणि मुलगा इकडे. कुटुंब तिकडे नेण्याइतका पगार नाही. खोलीत दोघी; दुसरी केरळची, सायन्स शिकविणारी. शाळेला सुटी जून-जुलैत. म्हणजे सलालाला ढग येऊ लागतात तेव्हा ही विमानात बसावयाची. सहा वर्षे राहून तिने ज्यासाठी ते गाव प्रसिद्ध आहे तो ऋतू पुरता कधी पाहिला नाही! महिनाअखेरीस पैसे पाठविण्याच्या रांगेत उभे राहावयाचे. त्या रांगेत पुढे गवंडी, मागे न्हावी, मध्ये मास्तरीण. सगळ्यांच्या हातांत तसलाच कागद. तरीही त्या रांगेत शिक्षक लोक मजुरांशी बोलत नाहीत, हे आम्ही तिथे उभे राहून पाहिले. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांला त्याचे काही वाटलेही नाही. आमच्याही मनात मास्तर वेगळा होताच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आम्ही पोचलो त्या सुमारास भाचीला त्याच गावातील एका महाविद्यालयात दीडपट पगाराची जागा मिळत होती. तिचा करार जूनमध्ये संपत होता. सरळ गोष्ट दिसते; एक नोकरी संपली, दुसरी धरावी. परंतु आखाती देशांत परदेशी माणसाचा व्हिसा ज्या मालकाच्या नावे असतो त्याच्याशी तो बांधलेला असतो. 2014 च्या जुलैपासून ओमानात असा नियम होता की, जुन्या मालकाने ना-हरकत पत्र दिले नाही, तर देश सोडून जावे आणि दोन वर्षे पुन्हा येऊ नये. शाळेच्या चालकांनी पत्र देण्यास नकार दिला. अगदी गोड शब्दांत. “बाई, आपण आमच्या घरच्या आहात,” असे म्हणून. वर चहाही पाजला.

दुसरी गोष्ट हिशेबाची. पगार एकूण 350 रियाल. पण करारात मूळ पगार 180 आणि बाकी 170 भत्ते. सही करताना ही फोड कोण पाहतो? सगळ्यांचे लक्ष खालच्या बेरजेकडे. परंतु नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पहिल्या तीन वर्षांना दर वर्षी पंधरा दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा मूळ पगार मिळावयाचा. सहा वर्षांचे झाले साडेचार महिने. 180 ने गुणले तर 810 रियाल. 350 ने गुणले असते तर 1575. त्या फोडीनेच 765 रियाल गेले. तेव्हा रियाल 170 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सव्वा लाख रुपयांहून अधिक. आणि शाळेने तर सहाही वर्षे पंधरा-पंधरा दिवसांची धरून 540 रियालचाच कागद पुढे केला होता. गणिताच्या बाईंना गणितात फसविण्याचा हा प्रकार! तिसरी गोष्ट, पासपोर्ट शाळेच्या कपाटात. मालकाने पासपोर्ट ठेवून घेऊ नये, असे तिथल्या मनुष्यबळ खात्याचे परिपत्रक 2006 सालचे आहे. ते शाळेतल्या एकाही शिक्षिकेला ठाऊक नव्हते.

आम्ही संघटनेचे माणूस. आम्हांला एकच औषध ठाऊक: सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज. तो आम्ही रात्री बसून लिहिलाही. भाची म्हणाली, “मामा, तुम्ही वीस दिवसांनी जाल. सही करणारीचा व्हिसा इथंच राहील.” आम्ही तीस वर्षे दुसऱ्यांना धीर देत आलो, पण ज्याची भाकरीच नव्हे, तर राहण्याचा परवानाही मालकाच्या हाती आहे, अशा माणसाला धीर द्यावयाचा म्हणजे काय, ते आम्हांला माहीत नव्हते. आम्ही तो अर्ज फाडून टाकला. तो फाडला हे योग्यच केले, असे आजही वाटते.

मग शुक्रवारी पाच शिक्षिकांना चहाला बोलाविले. पोहे केले. आम्ही एवढेच म्हणालो, “बायांनो, भांडण वगैरे काही करावयाचे नाही. आपापला करार घेऊन या आणि एकमेकींना वाचून दाखवा.” आधी कोणी कागद पिशवीतून काढीना. पगार सांगावयाचा नसतो, अशी सुशिक्षितांची रीत. शेवटी केरळच्या बाईंनी आपला कागद पुढे ठेवला. पाच करार आणि पाच तऱ्हा! एकीला विमानाचे तिकीट दर वर्षी, दुसरीला दोन वर्षांनी, तिसरीला नाहीच. विषय तोच, तास तेवढेच, आणि पगार कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे त्यावर. प्रत्येकीला वाटत होते की, आपल्यावरच हा प्रसंग आला आहे, आपलेच काही चुकले असेल. दोन बायांना रडू आले. ते पैशासाठी नव्हते. चार वर्षे एका टेबलाशी बसून आपण एकमेकींना काही विचारले नाही, याचे ते होते.

आणि पुढची वाट कोणी दाखविली? शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने. मलबारचा माणूस, शिक्षण सातवीपर्यंत, अरबी मात्र फर्डे. तो बायांना सोडावयास आला होता. दारातच उभ्याने त्याने सगळे सांगितले: खात्याचे कामगार-तक्रार कार्यालय कोठे आहे, कागद अरबीत करून घ्यावा लागतो, कामगाराला फी पडत नाही, अधिकारी आधी दोघांना समोरासमोर बसवितो, आणि जमले नाही तर प्रकरण न्यायालयाकडे जाते. त्याने स्वतः आपला थकलेला पगार असाच वसूल केला होता. सहा वर्षे रोज त्याच्या बसमध्ये बसणाऱ्या या बायांनी त्याला ‘लवकर चला’ यापलीकडे काही विचारले नव्हते.

मंडळी, आमचे सारे म्हणणे या एका प्रसंगात आले. शिक्षक स्वतःला कामगार मानीत नाही, म्हणून तो कामगारापेक्षाही एकटा पडतो. गवंडी दहाजणांच्या खोलीत राहतो. त्याचे हाल आहेत, पण त्याला कायदा ठाऊक असतो, कारण दहांपैकी एकाला तो नडलेला असतो. मास्तरणीला स्वतंत्र टेबल आहे, मान आहे, आणि माहिती काही नाही. आपल्या सरकारची व्यवस्थाही याच समजुतीवर उभी. 1983 च्या प्रवासन कायद्याखाली, दहावी न झालेला मजूर ओमानला जावयाचा तर त्याचा करार तपासला जातो, त्याला विमा घ्यावा लागतो, त्याची नोंद होते. पदवीधर शिक्षिकेला या तपासणीतून सूट! ती शिकलेली आहे, आपले हित पाहून घेईल, असा हिशेब. शिकलेली माणसे आपले हित कसे पाहतात, ते पोह्यांच्या बशा समोर ठेवून आम्ही पाहिले आहे.

पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. भाची एकटीच त्या कार्यालयात गेली. ड्रायव्हरने अरबी कागद करून दिला. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे हिशेब पाहिला आणि शाळेच्या माणसाला 810 चा आकडा लिहावयास लावला. 270 रियाल वाढले. पासपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात आला. ना-हरकत पत्र मात्र मिळाले नाही. ते मालकाच्या मर्जीवर होते आणि कायदा मर्जीच्या बाजूने होता. महाविद्यालयाची जागा गेली. 25 मे 2018 रोजी सलालावर मेकुनू नावाचे चक्रीवादळ आले. वर्षात जेवढा पाऊस पडतो त्याहून अधिक एका दिवसात पडला, रस्ते वाहून गेले, विमानतळ बंद झाला. रमजानचा महिना होता. त्या दोन दिवसांत शेजारच्या ओमानी कुटुंबाने या दोघी बायांना आपल्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले, जेवू घातले. हे आवर्जून सांगतो, कारण आमचे गाऱ्हाणे माणसांशी नाही, कागदाशी आहे. जूनमध्ये ती परत आली, आणि आज पुन्हा इकडेच तासिका तत्त्वावर शिकविते आहे.

तो ना-हरकतीचा नियम 1 जानेवारी 2021 पासून ओमानने रद्द केला. 2023 साली नवा कामगार कायदा आला. त्यात दर वर्षाला एक महिन्याचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून ठरला. म्हणजे भाची काही वर्षे उशिरा जन्मली असती तर बरे झाले असते, असे म्हणावयाचे! खाजगी आस्थापनांत संघटना काढण्याची मुभा त्या देशाने 2006 सालीच दिली, आणि 2010 साली तिथे कामगारांचा महासंघही झाला. 2013 च्या ऑक्टोबरात तर सरकारी शाळांतील ओमानी शिक्षकांनीच मोठा संप केला. तेव्हा तिथली माणसे मुकी आहेत, असे कोणी समजू नये. मुका आहे तो परका मास्तर, आणि तो पुष्कळसा आपल्याच संकोचाने.

कोणी म्हणेल, एवढे असेल तर जावे कशाला? आम्ही जाऊ नका असे सांगावयास आलेलो नाही. जे आपल्या घरी मास्तराला तासावर राबवितात, शिक्षणसेवक म्हणून वर्षानुवर्षे मानधनावर ठेवतात, विनाअनुदानित शाळेत पगाराशिवाय शिकवून घेतात, त्यांनी परक्या देशाला नावे ठेवू नयेत. भाची गेली ती हौसेने नव्हे. सहा वर्षांत तिने घराचे कर्ज फेडले आणि मुलाला शिकविले. तो मुलगा आज इंजिनीअरिंगला आहे. ही कमाई खोटी नाही.

आमचे सांगणे फक्त चार गोष्टींचे. जावयाचे असेल तर करारातील मूळ पगाराचा आकडा आधी पाहा, बेरीज नंतर. कराराची एक प्रत घरी ठेवून जा. पासपोर्ट आपल्या पेटीत ठेवा. मागितला तर कारण विचारा आणि पोच घ्या. आणि चौथी गोष्ट सर्वांत सोपी व सर्वांत कठीण: शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपला पगार सांगा. युनियन म्हणजे झेंडा आणि घोषणा असे आपण समजतो. आम्हीही समजत होतो. त्या शुक्रवारी सलालाच्या खोलीत झेंडा नव्हता, घोषणा नव्हती, वर्गणीही नव्हती. पाच कागद एका चटईवर ठेवलेले होते. युनियनचा आरंभ तेवढाच असतो.

या सभेत पुष्कळ शिक्षक-शिक्षिका बसलेल्या दिसतात. त्यांना परदेशी जावयाचे नसेलही. पण शाळा उघडली की शिक्षकखोलीत एकदा हा प्रयोग करून पाहावा, आणि शाळेच्या शिपायालाही त्या चहाला बोलवावे. बहुधा त्याला तुमच्यापेक्षा अधिक माहिती असेल.